एप्रिल १९१६, कूतचा वेढा: पुणे डिव्हिजन उपाशी कशी पडली

२९ एप्रिल १९१६, शनिवार. त्या एकाच दिवशी ब्रिटिश साम्राज्याच्या दोन टोकांना दोन शरणागत्या झाल्या आणि दोन्ही एकमेकींच्या बरोबर उलट. डब्लिनमध्ये आयरिश बंडवाल्यांचा पुढारी पॅट्रिक पिअर्स इंग्रजांना शरण आला आणि तिकडे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा गावात इंग्रजांचा जनरल टाउनशेंड तुर्कांना शरण गेला, तेरा हजार माणसं घेऊन. शरण गेलेल्या त्या फौजेचं नाव होतं सहावी (पुणे) डिव्हिजन. तिच्या तीन मूळ ब्रिगेडची नावं सोळावी पुणे, सतरावी अहमदनगर आणि अठरावी बेळगाव. आपल्याकडे पहिलं महायुद्ध म्हटलं की व्हर्दून, सोम, चिखलातले खंदक असं काहीतरी आठवतं, पण पुणे-नगर-बेळगाव ही नावं लावून फिरणारी अख्खी फौज उपाशी पडून शरण गेली हे शाळेत कोणी शिकवल्याचं मला तरी आठवत नाही.

तर या प्रकरणात मला एकच गोष्ट नीट उलगडायची आहे. कूत पडलं एप्रिलमध्ये, पण ते पडायची तयारी डिसेंबर-जानेवारीतच झालेली होती, आणि त्यात तुर्कांच्या तोफांइतकाच हात होता कोठारातल्या धान्याच्या हिशोबाचा. एका तारेत गेलेला चुकीचा आकडा आणि त्यापायी बाहेरच्या मदतसेनेची उडालेली घाई, हा खरा गाभा आहे. बाकी जगात त्या महिन्यात जे चाललं होतं तेही मधेमधे येईल कारण त्याशिवाय हे कळत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर १९१४ मध्ये पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी बसऱ्याच्या खाली समुद्राकाठच्या फाओला उतरली, कारण इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाशी आबादानला तेल शुद्ध करायचा कारखाना होता आणि इंग्रजांच्या आरमाराला ते तेल हवं होतं. बसरा लगेच मिळालं. खरं तर काम तिथेच संपलं होतं, पण सोपा विजय मिळाला की वरच्या लोकांना पुढचं गाव दिसायला लागतं, त्यामुळे बसऱ्यानंतर कुर्ना, मग अमारा, मग सप्टेंबर १९१५ मध्ये कूत, आणि कूतनंतर थेट बगदाद अशी भूक वाढत गेली. वर जनरल निक्सन, त्याच्या वर सिमल्याचं म्हणजे हिंदुस्थानचं इंग्रज सरकार, त्याच्या वर लंडन. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत मार खाऊन झालेला असल्यामुळे लंडनला कुठूनतरी चांगली बातमी हवीच होती. टाउनशेंडला स्वतःला शंका होती की एवढ्याशा फौजेवर बगदाद झेपणार नाही, त्याने तसं कळवलंही, पण हुकूम आला तेव्हा तो निघाला. नोव्हेंबरच्या शेवटी बगदादच्या अलीकडे तेसिफॉनला लढाई झाली, चार हजारांच्या वर माणसं मेली-जखमी झाली आणि उरलेले मागे फिरले ते ३ डिसेंबरला कूतमध्ये येऊन थांबले. ७ डिसेंबरला वेढा पूर्ण.

कूतची जागा नकाशावर बघा एकदा. टायग्रिस तिथे मोठं वळण घेते, तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला जमिनीची पट्टी. बचावाला बरी, पण आत शिरलेल्याला बाहेर पडायलाही तेवढीच अवघड. आत साधारण अकरा-साडेअकरा हजार लढणारे, तीन-साडेतीन हजार फॉलोअर्स म्हणजे भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले, आणि वर गावातले सहाएक हजार अरब लोक. लढणाऱ्यांत प्रत्येक ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती: पुणे ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा, नगर ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव ब्रिगेडमध्ये ११० वी. शिवाय पंजाबी, राजपूत, गुरखा, बॉम्बे सॅपर्स, आणि डॉर्सेट, नॉरफोक वगैरे गोऱ्या पलटणी.

आता ती तार. वेढा पडायच्या सुमारास टाउनशेंडने कळवलं की गोऱ्यांना एक महिना आणि हिंदी शिपायांना दोन महिने पुरेल एवढं रेशन आहे. हा आकडा कसा काढला? लष्करी कोठारात जेवढं होतं तेवढंच धरून, आणि माणशी पूर्ण रेशन धरून. गावातल्या घरांत, व्यापाऱ्यांच्या वखारींत किती जव आणि गहू आहे ते तपासलंच नाही, हजारो घोडे-खेचरं समोर उभी आहेत ती खाता येतील हे धरलं नाही, आणि रेशन कमी केलं तर किती दिवस निघतील ते मांडलं नाही. लग्नघरात कोठीची खोली न उघडता नुसता स्वयंपाकघरातला डबा बघून ‘दोन पंगतींतच संपेल हो सगळं’ म्हणून आरडाओरडा करावा तसला हा प्रकार. आणि हे सांगत असताना आत सगळ्यांना रेशन पूर्ण चालू होतं, जानेवारीच्या शेवटापर्यंत! ज्याला खरंच वाटतं की आपल्याकडे थोडेच दिवस आहेत तो पहिल्या दिवसापासून हात आखडता घेतो ना?

बाहेर ही तार वाचली त्यांनी ती खरी मानली, मानणारच. मदतसेनेचा प्रमुख एल्मर, जो आधीपासून टाउनशेंडला ओळखणारा, त्याच्याकडे फौज अजून गोळाही झाली नव्हती. फ्रान्समधून हिंदी डिव्हिजन येत होत्या त्या तुकड्या-तुकड्यांनी बसऱ्याला उतरत होत्या, कोणाच्या तोफा मागे, कोणाचे दवाखाने मागे, आणि बसऱ्याहून वर न्यायला नदीतल्या बोटीच नव्हत्या. रेल्वे नाही, धड रस्ता नाही, सगळं नदीवर, आणि बोटी मोजक्या. माझ्या मते या सगळ्या मोहिमेतला सगळ्यात मोठा गुन्हा हाच होता, सिमल्याच्या सरकारने पैसा वाचवण्यापायी बोटी पाठवल्या नाहीत आणि पुढे मात्र बगदादपर्यंत जायला परवानगी दिली. पण बोटी नाहीत म्हणजे थांबून तयारी करायची, हा एक पर्याय एल्मरकडे होता. तो टाउनशेंडच्या आकड्याने काढून घेतला. आत लोक महिन्यात उपाशी पडणार म्हटल्यावर थांबणार कसं?

मग जानेवारीत तीन लढाया झाल्या, शेख साद, वादी आणि हन्ना, पावसात, चिखलात, सपाट माळावर, तोफा पुरेशा नसताना. तिन्हींत मिळून आठ हजारांच्या वर मेले-जखमी झाले. जखमींचे हाल तर वाचवत नाहीत, उघड्या बोटींवर टाकून त्यांना बसऱ्याकडे नेलं, पट्ट्या बदललेल्या नाहीत, खाली मलमूत्र तसंच. हन्नाची लढाई २१ जानेवारीला हरली. आणि चार दिवसांनी, २५ जानेवारीच्या सुमारास, टाउनशेंडची नवीन तार आली की गावात झडती घेतली, जव सापडलाय, घोडे कापले तर ८४ दिवस निघतील.

चौऱ्याऐंशी! आधीच्या आकड्याने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं संपायला हवं होतं. एल्मरला हे डिसेंबरात कळलं असतं तर त्याला दोन महिने तयारी करता आली असती. २५ जानेवारीपासून ८४ दिवस मोजले तर १८ एप्रिल येतो, आणि प्रत्यक्षात कूत २९ एप्रिलपर्यंत टिकलं, म्हणजे हा दुसरा हिशोब बऱ्यापैकी बरोबर निघाला. म्हणजे मोजता येत होतं. आधी मोजलं नव्हतं एवढंच.

आता टाउनशेंडच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्याला शिव्या घालणं फार सोपं झालंय. एक, थांबणं तितकं फुकट नव्हतं. ९ जानेवारीला इंग्रजांनी गॅलिपोली पूर्ण सोडली आणि तिथली तुर्की फौज मोकळी झाली, जेवढा वेळ जाईल तेवढी ती इकडे येणार होती. दुसरं, वसंतात टायग्रिसला पूर येतो, वरच्या डोंगरातला बर्फ वितळून, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये लढणं आणखी अवघड होणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिसरं, गावातले सहा हजार लोक. टाउनशेंडला त्यांना बाहेर काढायचं होतं पण पर्सी कॉक्सने, जो राजकीय अधिकारी होता, त्याने सांगितलं की हिवाळ्यात बायकापोरांना वाळवंटात हाकललं तर मरतील, मग बाहेरचे म्हणून आलेले काहीशे लोकच काढले आणि बाकीचे राहिले. माणुसकीने बघितलं तर बरोबरच केलं, पण ती सहा हजार तोंडं त्याच धान्यावर होती. हे सगळं धरूनसुद्धा मला वाटतं की डिसेंबरची तार माफ होत नाही, कारण तिच्यात नुसती चूक नव्हती, तिच्यात ‘लवकर या’ हा दबाव होता, आणि तो कामी आला.

८ मार्चला शेवटची खरी संधी आली. एल्मरने रात्रभर वाळवंटातून फौज चालवत नेली दुजैलाच्या टेकाडापाशी, पहाटे पोचले तर तुर्कांचे खंदक जवळजवळ रिकामे, कूत समोर दिसतंय. आणि काय केलं? ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे तोफखाना तयार होईपर्यंत थांबले. तोफा वाजल्या, तुर्क जागे झाले, नदीपलीकडून माणसं आली आणि दिवसभरात साडेतीन हजारांच्या आसपास गारद. टाउनशेंडनेही आतून बाहेर पडून हल्ला केला नाही. एल्मरला काढलं आणि गॉरिंजला नेमलं.

मग उजाडला एप्रिल.

एप्रिल १९१६ चं जग कसं होतं ते जरा बघा. ४ तारखेला हिंदुस्थानात हार्डिंग जाऊन चेम्सफर्ड व्हाइसरॉय म्हणून आला, म्हणजे ज्याच्या कारकिर्दीत हा उद्योग सुरू झाला तो बरोबर वेळेवर सुटला. फ्रान्समध्ये व्हर्दूनला ९ तारखेला जर्मनांनी नदीच्या दोन्ही काठांवर मोठा हल्ला केला आणि फ्रेंच जनरल पेतँने दुसऱ्या दिवशी धीर धरायचा त्याचा प्रसिद्ध हुकूम काढला. सगळ्या युरोपचं लक्ष तिथे, त्यामुळे कूतला आणखी काही पाठवावं हे कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. रशियनांनी मात्र तुर्कांना पूर्वेकडून रेटलं होतं, फेब्रुवारीत एर्झुरूम आणि १८ एप्रिलला काळ्या समुद्रावरचं त्राबझोन घेतलं, आणि इराणमधून बारातोव्हची तुकडी बगदादच्या दिशेने सरकत होती. म्हणजे कागदावर बघितलं तर कूतसमोरचा तुर्की सेनापती हलील पाशा, त्याच्या पाठीवर रशियन, पुढ्यात गॉरिंज, आणि तरी तो तिथेच बसून राहिला कारण त्याला माहीत होतं की आतल्यांचं पोट त्याचं काम करतंय.

गॉरिंजने ५ एप्रिलला हन्नाची ठाणी घेतली, मागे तीन महिने जिथे डोकं आपटलं होतं ती. गॅलिपोलीहून आलेली जनरल मॉडची तेरावी डिव्हिजन त्यात होती. मोठा जल्लोष, पण खंदक बहुतेक रिकामेच होते, तुर्क मागे सरकून सन्नैयात नावाच्या जागी बसले होते. ६ ला सन्नैयातवर हल्ला, फसला. ९ ला परत, फसला. एका बाजूला फुगलेली नदी, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीत समोरासमोर चालत जायचं. १७ ला नदीच्या दक्षिणेला बैत ईसा घेतलं, आधीच्या आठवड्यात तिथल्याच मारामारीत ८९ व्या पंजाबीचा नाईक शाहमद खान याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सगळ्यात मोठं ब्रिटिश पदक, मिळाला, पण रात्रीतून तुर्कांनी उलटा मारा केला आणि पुढची वाट बंद. २२ ला सन्नैयातवर तिसरा आणि शेवटचा हल्ला, कमरेएवढ्या पाण्या-चिखलातून, बंदुकांत चिखल गेल्याने गोळी सुटेना, तेराशेच्या आसपास माणसं गेली. तिथून कूत साधारण पंचवीस किलोमीटर.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत मदतसेनेचे एकूण तेवीस हजार मेले-जखमी झाले. ज्यांना सोडवायला गेले त्यांच्यापेक्षा दहा हजारांनी जास्त. त्या आकड्यापुढे मी थोडा वेळ थांबलो होतो हे वाचताना.

आत काय चाललं होतं? इथे गोष्ट खरी गुंतते. गोऱ्या शिपायांना जानेवारीच्या शेवटापासून घोड्याचं मांस मिळत होतं. हिंदी शिपायांनी नाही म्हटलं, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही. सरकारने हिंदुस्थानातल्या धर्मपंडितांकडून आणि मौलवींकडून परवानग्या आणल्या, तारा वाचून दाखवल्या, संकटात चालतं असं सांगितलं. तरी नाही. कारण त्यांचा प्रश्न देवाशी नव्हता, गावाशी होता, घोडा खाल्ला हे गावात कळलं तर आपल्या घरात सोयरीक कोण करणार. हे मला तरी अजिबात वेडेपणाचं वाटत नाही. युद्ध चार महिन्यांत संपेल, गावात जन्म काढायचाय, आणि शेजारचा जो खात नाही तो उद्या जाऊन सांगणारच. एकटा माणूस हे मोडू शकत नव्हता, सगळ्यांनी एकदम खाल्लं तरच चालणार होतं, आणि अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये ते नुसतं ऐच्छिक ठेवलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टाउनशेंडने पीठ आणखी कमी केलं आणि जे खातील त्यांना बढत्या देऊ असं जाहीर केलं, तेव्हा कुठे हजारोंनी खायला लागले. तोवर उशीर झालेला, अंगात ताकद नाही, पहाऱ्यावर उभा राहिलेला शिपाई तिथेच कोसळून मरायचा. टाउनशेंडने हे आधी का केलं नाही हा प्रश्न उरतोच, तेच पाऊल फेब्रुवारीत उचललं असतं तर किती तरी पीठ वाचलं असतं. हिंदी शिपायांच्या माथी ‘यांच्यामुळे कूत पडलं’ असं मारायचा प्रयत्न नंतर झाला तो मला कायम खटकतो, निर्णय घेणं हे त्यांचं काम नव्हतं.

यातून डॉक्टरी बाजूला एक विचित्र गोष्ट दिसली. गोऱ्यांना मैद्याच्या पांढऱ्या पावामुळे बेरीबेरी झाला, हातपाय सुजणं वगैरे. हिंदी शिपाई जवाचं कोंड्यासकट पीठ आणि आटा खायचे त्यामुळे त्यांना तो झाला नाही, पण मांस नाही आणि भाजी नाही म्हणून त्यांना स्कर्वी झाला, हजाराच्या वर लोकांना, हिरड्या सडलेल्या, जुन्या जखमा परत उघडलेल्या. मग गोऱ्यांचा मैदा संपला, त्यांनाही जवाचं पीठ खावं लागलं आणि त्यांचा बेरीबेरी कमी झाला. पॅट्रिक हेहिर हा तिथला मुख्य डॉक्टर, त्याने हे सगळं नोंदवून ठेवलं आणि आहारशास्त्रात त्याचा पुढे उपयोग झाला. लोक माळावरचं गवत-पाला आणून उकडून खात होते, त्यातलं काही विषारी निघालं आणि त्यानेही माणसं मेली. एप्रिलच्या मध्याला पीठ माणशी पाच औंस म्हणजे १४० ग्रॅमच्या आसपास, मग चार.

१५ तारखेपासून विमानातून धान्य टाकायला सुरुवात झाली. वेढ्यातल्या फौजेला हवाई मार्गाने पोसायचा इतिहासातला हा पहिला मोठा प्रयत्न. पाच औंसाचं रेशन चालू ठेवायला रोज सव्वादोन टन लागत होतं, आणि दोन आठवड्यांत मिळून पडलं साधारण आठ टन, म्हणजे रोजचं अर्धा टनच्या जरा वर. विमानं तरी कसली, पंखांखाली पोती बांधायची, उंची गाठता येत नाही, पोती टाकली की काही नदीत, काही तुर्कांच्या खंदकात. आणि धान्याबरोबर जात्याचे दगडसुद्धा टाकले बरं का, कारण जव होता पण दळायला काही नव्हतं. कल्पना भारी होती, पण त्या काळच्या यंत्रांना झेपणारी नव्हती.

मग ‘जुलनार’. ही नदीतली आगबोट, तिच्यात २७० टन माल भरला, तीनेक आठवड्यांचं अन्न, आणि २४ एप्रिलच्या रात्री सोडली. खलाशी सगळे स्वतःहून आलेले, लग्न न झालेलेच घेतले. कप्तान फर्मन आणि त्याच्याबरोबर चार्ल्स काउली, हा बगदादमध्ये जन्मलेला, आयुष्यभर याच नदीवर लिंच कंपनीच्या बोटी चालवलेला, नदीची वाट अंधारात ओळखणारा. पूर असल्याने पाणी भरपूर होतं पण बोट आवाज करत, गोळ्या खात चालली आणि मगासिसला तुर्कांनी नदीत आडवी बांधलेली केबल होती तिच्यात अडकली. कूत तिथून काही किलोमीटरवर, आतले लोक वाट बघत बसलेले. फर्मन मारला गेला, काउली पकडला गेला आणि नंतर तुर्कांनी त्याला ठार केलं, त्यांच्या मते तो त्यांचाच प्रजाजन होता आणि म्हणून गद्दार. दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माल तुर्कांना मिळाला.

जुलनार निघाली त्याच सोमवारी दुपारी डब्लिनमध्ये पोस्ट ऑफिसवर बंडवाल्यांनी ताबा घेतला होता. आणि त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हुलुखला जर्मनांनी २७ आणि २९ एप्रिलला विषारी वायू सोडला तो सोळाव्या आयरिश डिव्हिजनवर, पाचशेच्या वर आयरिश शिपाई इंग्रजांसाठी मेले. २६ तारखेला रशिया आणि फ्रान्सने तुर्की साम्राज्य वाटून घ्यायच्या सायक्स-पिको योजनेवर आपसात शिक्कामोर्तब केलं, त्या वाटपात बगदाद आणि बसरा इंग्रजांच्या पदरात होतं. म्हणजे बघा, कागदावर बगदाद मिळतंय आणि त्याच दिवशी, २६ लाच, टाउनशेंडला हुकूम गेला की तुर्कांशी बोलणी सुरू कर.

२७ ला नदीतल्या लाँचवर टाउनशेंड आणि हलील पाशा भेटले. इंग्रजांनी पैसे देऊ केले, दहा लाख पौंड, वर तोफा, आणि बदल्यात फौज परत लढणार नाही अशा शपथेवर हिंदुस्थानात जाऊ द्यायची. हलील हा तुर्कांचा युद्धमंत्री एन्व्हर पाशाचा चुलता, त्याने कॉन्स्टँटिनोपलला विचारलं, एन्व्हरने नाही म्हटलं. मग रक्कम वीस लाख केली. हे करायला कैरोहून मुद्दाम एक तरुण कॅप्टन आला होता, टी. ई. लॉरेन्स, तोच, नंतर अरबस्तानचा म्हणून गाजलेला, बरोबर ऑब्रे हर्बर्ट आणि कर्नल बीच. ते तिघे २९ तारखेला हलीलला भेटायला पोचेपर्यंत टाउनशेंडने तोफा फोडून टाकल्या होत्या आणि शरणागती झाली होती, त्यामुळे त्यांच्या हातात सौदा करायला काही उरलंच नव्हतं. लाच देऊ केल्याची बातमी मात्र तुर्कांनी जगभर पसरवली, मार खाल्ला तो खाल्ला आणि वर अब्रू गेली. वेढ्याची खरी आखणी ज्याने केली तो जर्मन फील्डमार्शल फॉन डेर गोल्ट्झ हे बघायला जिवंत नव्हता, दहा दिवस आधी १९ एप्रिलला बगदादमध्ये टायफसने गेला.

वेढ्याचे १४४ दिवस.

शरणागतीनंतरचं थोडक्यात सांगतो, खरं तर ते या सगळ्याहून भयंकर आहे. अगदी मरायला टेकलेले हजारेक आजारी अदलाबदलीत खाली पाठवले. बाकीच्यांतून अधिकारी वेगळे काढले आणि शिपायांना चालवत नेलं, कूत ते बगदाद, समारा, मोसूल, रास-अल-ऐन, मे-जूनच्या उन्हात, पाच महिने उपाशी असलेल्या माणसांना. वाटेत पडला तो तिथेच राहिला. पोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या बोगद्यांवर आणि रुळांवर कामाला लावलं. सुमारे २६०० गोऱ्या शिपायांतले १७०० च्या वर कैदेत मेले. हिंदी शिपाई आणि फॉलोअर्स किती मेले याचा हिशोब कोणी धड ठेवलाच नाही, हजारोंत आहे एवढं नक्की. इंग्रजांना मदत केली म्हणून गावातल्याही काही लोकांना तुर्कांनी फासावर चढवलं. टाउनशेंडला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगला, नोकर, पाहुणचार. त्याचा कुत्रा स्पॉट हलीलने सौजन्य म्हणून इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि तो सुखरूप इंग्लंडला पोचलासुद्धा.

आता बेळगाव. कूत पडायच्या आदल्या दिवशी, २८ एप्रिल १९१६ ला, लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस, कचेरी पुण्यात. लगेच टिळकांची बेळगावात आणि मग महिन्याभरात अहमदनगरला व्याख्यानं झाली, त्यावरून सरकारने वीस हजारांचा जामीन मागितला आणि तो खटला जिनांनी हायकोर्टात लढवून नोव्हेंबरात उडवून लावला. पुणे, नगर, बेळगाव, डिव्हिजनच्या ब्रिगेडची तीच तीन नावं. याचा आणि कूतचा सरळ संबंध आहे असं मी म्हणणार नाही, टिळकांची तयारी आधीपासून चालू होती आणि ती कूतची बातमी ऐकून झाली नाही. पण लढायला माणसं आमची आणि कारभारात आम्हाला विचारणार नाही, हा जो होमरूलवाल्यांचा मुद्दा होता त्याला कूतने पुरावा पुरवला, आणि तो पुरवला तोही इंग्रजांच्याच चौकशीतून.

कारण ऑगस्ट १९१६ मध्ये मेसोपोटेमिया कमिशन नेमलं गेलं आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्याचा अहवाल आला. बोटींची टंचाई, जखमींचे हाल, सिमल्याचा चिक्कूपणा, निक्सनचा उतावळेपणा, सगळं त्यात छापलं गेलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. पार्लमेंटातल्या चर्चेत एडविन माँटेग्यूने हिंदुस्थान सरकारला लाकडी, लोखंडी, प्रलयापूर्वीचं अशा शब्दांत सोलून काढलं आणि काही दिवसांत तोच भारतमंत्री झाला. २० ऑगस्ट १९१७ ला त्याने जाहीर केलं की हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती द्यायची. त्यामागे इतरही बरीच कारणं होती, पण माँटेग्यू त्या खुर्चीत बसला तो कूतच्या अहवालामुळे हे तर उघडच आहे.

अहवालात धान्याच्या हिशोबावर टाउनशेंडला म्हणावं तसं कोणी धरलं नाही. तो तेव्हा कैदेत होता, लोकांच्या नजरेत हिरो होता, आणि दोष द्यायला निक्सन आणि सिमला हाताशी होते. १९१८ च्या ऑक्टोबरात तुर्कांनी तहाचा निरोप घेऊन त्यालाच सोडलं, १९२० मध्ये तो पार्लमेंटात निवडून आला, आणि परत आलेल्यांनी कैदेतली कहाणी सांगायला सुरुवात केल्यावर मग त्याचं नाव खराब झालं. १९२४ मध्ये तो वारला. हलीलने नंतर तुर्कस्तानात आडनावांचा कायदा आला तेव्हा ‘कूत’ हेच आडनाव घेतलं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी हिंदुस्थानात नव्याने भरून उभ्या केल्या, १९२२ च्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या. सहावी पुणे डिव्हिजन मात्र त्या युद्धात परत उभी राहिली नाही.